कर्करोग ‘पसरतो’ की ‘रुजतो’?

शंका : यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यात एका काकांचे मूत्रपिंड कर्करोगामुळे बारा वर्षांपूर्वी काढले होते; आता त्यांच्या थायरॉईडमध्ये गाठ निघाली असून अहवालात ‘मेटास्टॅसिस’ (मूळ जागेपासून दूर दुसऱ्या अवयवात उगवलेला तोच कर्करोग) असे लिहिले आहे. ‘कॅन्सर पसरला’ असे मी सांगताच काकूंनी विचारले, “किडनी तं काहाडून टाकली, मधातलं पोट-छाती साफ हाय, मंग मानेत पसरला कसा?” नेमका मराठी शब्द कोणता?

उत्तर : काकूंची हरकत रास्त आहे. ओल पसरते, तेल पसरते. मधली जागा व्यापल्याखेरीज ‘पसरणे’ होत नाही. मूत्रपिंडातून मात्र हृदयाने ढकललेल्या रक्तापैकी सुमारे एक पंचमांश रक्त सतत वाहत असते, आणि त्यात सुटलेल्या पेशी शिरेवाटे हृदयात व तेथून फुफ्फुसात पोहोचतात, म्हणून फुफ्फुस हे त्यांचे नेहमीचे ठिकाण. थायरॉईड, स्वादुपिंड, डोक्याची त्वचा, नाकाची पोकळी, क्वचित जीभ अशा आडवाटेच्या जागीही हा रोग उगवतो, तोही कधी शस्त्रक्रियेनंतर दहा-वीस वर्षांनी. कण्याभोवतीच्या शिरांना झडपा नसल्याने रक्त उलटे वाहून पेशी फुफ्फुस टाळून वर जात असाव्यात, असे यातील काही उदाहरणांचे स्पष्टीकरण देतात. या शिरांचे महत्त्व शरीररचनाशास्त्रज्ञ बॅटसन यांनी 1940 मध्ये दाखवले.

‘स्थलांतर’ मला पटत नाही, कारण स्थलांतर करणारा मूळ घर सोडतो आणि हा रोग, काढून टाकला नाही तर, मूळ ठिकाणीही राहतो. ‘प्रक्षेप’ हा शब्द फेकण्याचा भास देतो खरा, पण प्रक्षिप्त, म्हणजे ग्रंथात मागाहून कोणी घुसवलेली, ओवी जशी तिच्या भाषेवरून ओळखू येते, तशीच थायरॉईडमधली ही गाठ सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडाच्याच कर्करोगाची म्हणून ओळखू येते; तिला थायरॉईडचा कर्करोग म्हणणे चूक, उपचारही निराळे. म्हणून लेखनात मी ‘प्रक्षेप’ वापरीन. बोलताना मात्र ‘बी जाऊन रुजले’ म्हणावे. धुऱ्यावरचे गाजरगवत उपटण्याआधीच वाऱ्यापाण्याने गेलेले बी दूरच्या वावरात वर्षानुवर्षे पडून राहते, हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रज शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कर्करोगाविषयी लिहिताना बी आणि जमीन हीच उपमा योजली होती.

शंका : ‘दुय्यम गाठ’ चालेल का?

उत्तर : टाळावे. दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाची, असा घरच्यांचा समज होतो आणि तपासणी लांबते.