दोघांची पट्टी जुळत नाही, तुणतुणं कुठं लावायचं?

भिलवडीची सून
नमस्कार. आम्ही नवरा-बायको मिळून गाणी करतो. शब्द माझे, चाल बहुतेक वेळा ह्यांची. ढोलकी आणि तुणतुणंही ह्यांच्याकडंच. ढंग लोकगीताचा, पण विषय आत्ताचे: द्राक्षाची छाटणी, सोसायटीचं कर्ज, पूर. चालीवरून वाद होतात, मिटतातही. पट्टीचा, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा त्याचा, मात्र मिटंना. ह्यांचा आवाज काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी) मोकळा सुटतो, माझा काळी चारला. मी त्यांच्या पट्टीत गायले की खालचे सूर पुटपुटल्यासारखे येतात. ते माझ्या पट्टीत गातच नाहीत, ढोलकी पुढ्यात ओढून गप्प बसतात.

नवं गाणं पुराचं आहे. पावसाळ्यात सांगलीकडं माणूस माणसाला भेटलं की पहिलं विचारतं, "आयर्विनला किती फूट?" ह्यांनी तेच धृपद धरलंय. माझी ओवी अशी:

पानी चाळिसाला गेलं, मन उठलं चुलीवरनं
पानी पंचेचाळिसाला, म्हस सोडली दाव्यावरनं

(बाहेरच्यांसाठी: सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोक्याची.)

रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मधली पट्टी धरा. पांढरी चारला गाऊन बघितलं, दोघांचंही गाणं पडलं. तुमच्यात कुणी जोडीनं गात असेल तर काय करता?

कीबोर्डवाला विटेकर
ट्रान्सपोझचं बटण आहे की. वहिनींचं कडवं आलं की ७ घरं वर, धृपदाला परत खाली. हाय काय आन् नाय काय!

भिलवडीची सून
दादा, बटण कीबोर्डला असतं, तुणतुण्याला खुंटी. जत्रेत दर कडव्याला पिळत बसू काय? आणि कीबोर्ड घ्यायचा नाही, हे एवढं एकच आमचं दोघांचं एकमतानं ठरलंय.

तासगावचा झीलकरी
सूनबाई, मधल्या पट्टीचा नाद आधी सोडा. तुम्ही काळी चारवरून काळी तीनला या, जास्त त्रास होणार नाही. मग यजमानांचा सा तोच तुमचा पंचम (प) होतो. तुणतुण्याची तार एकदाच काळी एकला लावायची. ते गातील तेव्हा ती त्यांना सा देईल, तुम्ही गाल तेव्हा तुम्हाला प. खुंटीला हात लावायचं कारणच नाही. पंडित जसराजांची 'जसरंगी' जुगलबंदी याच हिशोबावर चालते, पुरुषाचा मध्यम (म) तो बाईचा षड्ज (सा). ते रागदारीचं काम, पण एका तारेवर आपलंही भागतं.

दुसरं, एकच ओळ दोघांनी मिळून म्हणायचा हट्ट कशाला? शाहीर ओळ टाकतो, मागं साथीला गाणारा झीलकरी तिचं शेपूट वर उचलून धरतो. सगळे एका सुरात गायला लागले तर ती शाळेतली प्रार्थना झाली. धृपद त्यांनी खाली विचारावं, तुम्ही ओवीत उत्तर द्यावं. ओवी संपवताना पंचमावर थांबा. तिथंच त्यांचा सा आहे, त्यांना उचलायला सूर आयता मिळतो.

आणि ओवीखालची ढोलकी काढा. यजमानांना राग येईल, येऊ दे. ओवी जात्याच्या फेऱ्यावर दम घेते, कधी लांब कधी आखूड. आठ मात्रांत कोंबली की जाहिरातीचं गाणं होतं. तिच्याखाली नुसतं तुणतुणं ठेवा, ढोलकी धृपदाला येऊ दे.

भिलवडीची सून
काका, पंचमावर थांबायचं सुचलंच नव्हतं. ढोलकीचं तुम्हीच फोन करून सांगा ह्यांना. अजून एक, गाणं यूट्यूबवर टाकताना नाव कसं द्यायचं? ओवी म्हटली की लोक पारंपरिकच धरतात.

कोर्टाचा कारकून (निवृत्त)
'पारंपरिक' चुकूनही लिहू नका. शब्द तुमचे आणि चाल त्यांची, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार या दोन वेगळ्या कृती आहेत. तेव्हा 'गीत' पुढं तुमचं नाव, 'संगीत' पुढं त्यांचं. 'अमुक आणि मंडळी' असलं मोघम नको. हक्क हयातभर आणि पुढं ६० वर्षं राहतो, नोंदणी नसली तरी. कुणी कंपनीवाला हक्क मागायला आला तर सगळं लेखी घ्या आणि किती वर्षांसाठी ते लिहून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. आपल्याच वाळवा तालुक्यातले लावणीकार शाहीर पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांच्या रचना आज कुणालाही गाता येतात. तुमची म्हस तशी कुणी सोडून न्यायची नाही.

कीबोर्डवाला विटेकर
काका, काळी तीनची युक्ती मीही वापरणार. आमच्याकडंही दोन गळे आहेत, नवरा-बायकोचे नव्हे, दीर-भावजयीचे.

तासगावचा झीलकरी
वापरा की. फक्त पावसाळ्यात तुणतुण्याचं कातडं सैल पडतं, काळी एकला लावलेली तार पांढरी एककडं घसरते. उभं राहायच्या आधी पेटीवर सूर तपासून घ्या.