मदत हवी आहे: सायकल मजेत चालवू की स्पीडच्या मागे लागू?

उन्हाची_तिरीप
नमस्कार, जरा लवकर उत्तरं द्या प्लीज, रविवारच्या आत ग्रुपला हो की नाही ते कळवायचंय. मी सायकल मोठेपणी, म्हणजे अगदी अलीकडेच चालवायला लागले आणि सुरुवातीचा काळ इतका छान गेला की पहाटे अलार्मच्या आधी जाग यायची. मग एका ग्रुपमध्ये गेले. माणसं चांगली आहेत, पण सगळे ताशी २५-२६ किमीच्या अॅव्हरेजने जातात आणि माझं १७-१८ च्या वर जात नाही. थोड्याच वेळात ते दिसेनासे होतात, मग पुढे कुठेतरी माझ्यासाठी थांबतात, आणि मी पोचले की लगेच निघतात, म्हणजे विश्रांती त्यांची होते आणि मी धापा टाकत परत त्यांच्या मागे. आता एकटी निघाले तरी सगळं लक्ष मोबाईलवरच्या आकड्याकडे असतं. स्पीड वाढवायचा तर कसा वाढवायचा? आणि नाहीच वाढवला, आपली मजेत चालवत राहिले, तर मी कायम आहे तिथेच राहीन का? 'स्वतःशीच स्पर्धा करा' वगैरे कृपया लिहू नका, ते खूप ठिकाणी वाचून झालंय.

दोनचाकी
सायकल कोणती? टायर किती जाडीचे? एका वेळी किती किमी जाता? रस्ता सपाट की चढाचा? एवढं सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

पाठवारा
स्पीड वाढवायचा एकच मार्ग, इंटर्व्हल. ४ मिनिटं जोर लावून, ३ मिनिटं एकदम हळू, असं ४ वेळा. आधी १५ मिनिटं वॉर्म-अप. आठवड्यातून २ वेळा करा, मधे एक तरी दिवस सोडून. मी हेच केलं आणि ग्रुपमध्ये मागे राहायचो तो आता पुढे असतो. बाकी कुणाचं काही ऐकू नका, हळू चालवून माणूस हळूच राहतो.

केतकी_वन
ताई, नुसत्या सायकलने वजन उतरतंच असं नाही हे लक्षात घ्या. आठवड्यातून दोनदा तरी स्ट्रेंथचे व्यायाम हवेत, स्क्वॉट, लंजेस, प्लँक. आणि झोप पूर्ण घ्या.

उन्हाची_तिरीप
वजनाचं मी काही विचारलेलं नाही. सायकल व्यवस्थित आहे, गिअरवाली आहे, नवीनच आहे. रस्ता आपला नेहमीसारखाच. सायकलचा प्रश्नच नाहीये, प्रश्न माझा आहे.

दोनचाकी
अहो गिअरवाली म्हणजे कुठली? हँडल सरळ की खाली वळलेलं? पुढच्या चाकाला सस्पेन्शन आहे का? टायर गुळगुळीत की खडबडीत? आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या सायकली कशा आहेत?

उन्हाची_तिरीप
सरळ हँडल, पुढे सस्पेन्शन, टायर जाड, खडबडीत नक्षीचे. त्यांच्या सगळ्यांच्या बारीक टायरच्या, वळलेल्या हँडलच्या. पण ते म्हणतात सायकलने काही फरक पडत नाही, पायात दम पाहिजे.

दोनचाकी
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. तुम्ही एमटीबी, म्हणजे डोंगर-कच्च्या रस्त्याची सायकल घेऊन रोडबाईकवाल्यांबरोबर डांबरी रस्त्यावर जाताय! खडबडीत टायर डांबरावर प्रत्येक चक्कराला ताकद खातो, सस्पेन्शन पेडल मारताना खालीवर होतं त्यात आणखी थोडी जाते, आणि सरळ हँडलमुळे तुम्ही ताठ बसता म्हणजे छातीवर पूर्ण वारा. आणि वाऱ्याचा हिशोब वाईट असतो, त्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याला तोंड द्यायला लागणारी ताकद घनाने. २० वरून २५ ला जायचं म्हणजे वेग सव्वापट, पण नुसत्या वाऱ्यासाठी लागणारी ताकद जवळपास दुप्पट. त्यात ते लोक एकमेकांच्या मागे लपून जातात, तुम्ही मागे पडलात की एकट्या वारा खाता. तेव्हा १७ आणि २५ ची तुलना पायांच्या दमाची नाहीच.

लगेच करता येण्यासारखं: टायर बदलून त्याच मापाच्या रिमला बसणारे गुळगुळीत टायर टाका, सस्पेन्शनला लॉकआउटची (खालीवर होणं थांबवायची) कळ असेल तर डांबरावर सस्पेन्शन बंद ठेवा, आणि हवा तपासा. शेवटची कधी भरली होती?

उन्हाची_तिरीप
घेतली तेव्हा भरूनच दिली होती की.

जुनीचेन
ट्यूबमधून हवा आपोआप कमी होत राहते, पंक्चर असावं लागत नाही. आठवड्यातून एकदा तरी बघायची, बारीक टायरवाले तर बरेचदा रोज बघतात. घरात गेजवाला (हवेचा दाब दाखवणारा) उभा पंप असू द्या. किती भरायची त्याची मर्यादा टायरच्या बाजूवर छापलेली असते, पण तो कमाल आकडा असतो, तुमचं वजन कमी असेल तर त्याच्या खालीच ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्डा हाडात जातो.

पाठवारा
टायर न् हवा करून काय होणार, फार तर २ चा फरक. ताकद नसेल तर रोडबाईकवर पण मागेच राहतील. मी म्हणतो इंटर्व्हल.

मोकळा_रस्ता
पाठवारा, त्यांनी विचारलं काय आणि तुम्ही सांगताय काय! त्यांची मजा गेली आहे, ती कशी परत येईल हे बघा आधी. तिरीप ताई, माझ्या मते तो ग्रुपच सोडा. मोबाईल बॅगेत ठेवा, रेकॉर्डिंग हवंच असेल तर चालू करून आत टाका, हँडलवर लावूच नका. मी किती तरी वर्षं मीटरशिवाय फिरतोय. रस्ता चांगला दिसला की आत वळायचं, वाटलं तर थांबायचं. सायकलवरून जेवढं दिसतं, ऐकू येतं, वास येतात, तेवढं गाडीतून कधीच नाही, ते सोडून आकडा कसला बघायचा.

पाठवारा
हे मला पटत नाही. सावकाश म्हणजे मजा आणि स्पीड म्हणजे शिक्षा हे कुणी ठरवलं? सपाट रस्त्यावर पाय एका लयीत फिरत असतात, श्वास जोरात पण ताब्यात, बाजूने झाडं सर्रकन मागे जातात, याच्यात जो आनंद आहे तो थांबत थांबत फिरण्यात मला मिळत नाही. मी आकड्यासाठी जोर लावत नाही, मला जोर लावायलाच आवडतं. नवीन माणसाला आधीच सांगून टाकायचं की स्पीड वाईट, म्हणजे त्या आनंदाचं दारच बंद केलं.

मोकळा_रस्ता
मी वाईट म्हटलेलं नाही. त्यांना आत्ता त्याचा त्रास होतोय एवढंच म्हटलंय.

अनुस्वार
दोघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे पण एक गोष्ट चुकीची लिहिली गेलीय ती आधी, 'हळू चालवून माणूस हळूच राहतो' ही. स्टीफन सायलर या संशोधकाने धावणारे, सायकलपटू, स्कीइंगवाले अशा वरच्या पातळीच्या लोकांच्या सरावाचा अभ्यास केला, तर त्यांची साधारण ८० टक्के सेशन्स सोप्या श्रमाची निघाली, जोराची २० टक्क्यांच्या आसपासच. आता ते लोक आठवड्याला भरपूर तास सराव करतात, आपण तेवढा नाही करत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नका, पण सोप्या राईड वाया जात नाहीत हे नक्की. हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमधे केशवाहिन्या वाढतात, चरबी जाळून ताकद काढायची सवय लागते, हे सगळं हळू चालवूनही घडतं.

सोपी म्हणजे किती सोपी, तर शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला की ती सोपी राहिली नाही. एकट्या असाल तर मोठ्याने काहीतरी म्हणून बघा. नवीन लोकांचं काय होतं, ग्रुपच्या नादात प्रत्येक राईड मध्यम-जड होते, आराम मिळावा इतकी हलकी नाही आणि पाठवारा म्हणतात तसा खरा जोर लावायला पाय ताजे नाहीत. तिरीप, तुमचं हेच चाललंय असं मला वाटतं. थकवा साठला की पहिला बळी मजेचाच जातो.

दोनचाकी
शिवाय अॅव्हरेज हा आकडा फसवा आहे. १० किमी चढ १० च्या वेगाने गेलात आणि तेच १० किमी उतार ३० ने आलात तर अॅव्हरेज २० येत नाही, १५ येतं, कारण चढावर एक अख्खा तास गेला आणि उतारावर २० मिनिटं. वाऱ्याचंही तसंच, समोरून खाल्लेला वारा परतताना पाठीवर घेऊन पूर्ण वसूल होत नाही. आणि बरीच अॅप्स तुम्ही थांबलात की घड्याळ थांबवतात, काही नाही थांबवत, त्यामुळे दोघांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

निशाचर
या सगळ्यात ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब अंतर पुरं करायच्या राईडचं, कुणीच कसं काढलं नाही? ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच क्लबच्या नियमांनी होणाऱ्या ब्रेव्हे. २०० किमीला १३ तास ३० मिनिटं, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४० तास. यात थांबणं, पाणी, पंक्चर सगळं धरलेलं. नंबर काढत नाहीत, पहिला आलेला आणि शेवटच्या मिनिटाला पोचलेला दोघांची नोंद सारखीच. म्हणजे २०० ला ताशी १५ च्या थोडं खाली पुरतं. फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस १८९१ मधे शर्यत म्हणून सुरू झाली होती, आज तिथे ४ वर्षांतून एकदा हजारो हौशी लोक ९० तासांच्या मुदतीत १२०० किमी करायला जातात. तुमच्या १७-१८ मधे २०० होऊन जाईल ताई!

केतकी_वन
अहो त्यांनी अजून ५० केलेत की नाही तेही माहीत नाही आणि तुम्ही त्यांना २०० ला पाठवताय.

निशाचर
लगेच जा असं कुठे म्हटलंय. वेगाशिवाय पण ध्येय असू शकतं, अंतराचं, एवढंच सांगतोय.

उन्हाची_तिरीप
३०-३५ करते एका वेळी. सगळ्यांचे आभार. अनुस्वार, तुम्ही लिहिलंय ते अगदी तसंच होतंय, शेवटच्या १० किमीत मांड्या भरून येतात आणि नंतर दोन दिवस गुडघे दुखतात त्यामुळे मधल्या दिवशी निघावंसंच वाटत नाही. पण रविवारचं काय करू?

अनुस्वार
एक मिनिट. गुडघे दुखतात हे तुम्ही आत्ता सांगताय? कुठे दुखतं, पुढे वाटीपाशी की मागच्या बाजूला? सीट किती उंच आहे? गिअर कुठला वापरता?

उन्हाची_तिरीप
पुढे, वाटीच्या खाली. सगळ्यांचेच दुखत असतील असं वाटलं, नवीन असताना. सीट बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी ठेवलीय. गिअर जडच ठेवते, हलक्यावर पाय नुसते भरभर फिरतात, पुढे जातच नाही.

अनुस्वार
मग आता स्पीडचा विषय बाजूला ठेवा, आधी हे. वाटीपाशी दुखणं हे खूपदा सीट खाली असण्याने आणि जड गिअर रेटण्याने होतं. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या, पाय जवळपास सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चालवताना पंजा पेडलवर आला की गुडघ्यात थोडासाच बाक उरतो, तेवढाच हवा. या उंचीला सीटवर बसून दोन्ही पाय टेकणार नाहीत. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं, ही सवय मोकळ्या जागेत करून घ्या. सीट एकदम वर नेऊ नका, थोडी थोडी वाढवा, आणि खांबावर कमाल उंचीची खूण असते तिच्या पलीकडे जाऊ नका. गुडघ्याच्या मागे ओढ बसायला लागली तर जास्त वर गेली असं समजा.

जुनीचेन
आणि हलका गिअर लावायची लाज वाटून घेऊ नका. मिनिटाला पेडलची ७५-८० चक्करं पडतील असा गिअर ठेवा, सुरुवातीला पाय रिकामे फिरल्यासारखे वाटतात, नंतर तेच बरं वाटायला लागतं. गिअरला कमीपणा मानायची खोड जुनी आहे, टूर द फ्रान्समधे डिरेलर गिअर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारे) वापरायला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. त्याच्या कितीतरी आधी फ्रान्समधेच पॉल द व्हिवी नावाचा माणूस, त्याला व्हेलोसियो म्हणायचे, सामान्य फिरणाऱ्या माणसाला गिअर हवेतच म्हणून आपल्या मासिकातून भांडत होता. तोही आपल्यासारखाच मोठेपणी सायकलकडे वळलेला. त्याचं सांगणं होतं की भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी पाणी प्या, थकायच्या आधी थांबा आणि दुसऱ्याला दाखवायला पेडल मारू नका.

पाठवारा
गुडघे दुखत असतील तर इंटर्व्हल आत्ता नकोत, हे मी पण म्हणतो. दुखणं थांबलं की मग आठवड्यातून एकदाच, आणि हलक्या गिअरवर. पण माझा मुद्दा कायम आहे, कधीतरी जोर लावून बघाच, मग ठरवा आवडतं की नाही.

चक्रधर
रोडबाईक घ्यायची असेल तर कार्बन की अॅल्युमिनियम? मीही नवीनच आहे.

दोनचाकी
चक्रधर, वेगळा धागा काढा, इथे विषय भरकटतोय.

मोकळा_रस्ता
रविवारचं सोपं आहे. ग्रुपला स्पष्ट सांगा की माझा वेग १७, मी आधी निघते, तुम्ही मला गाठा. किंवा एकाने मागे राहायचं असं ठरवून घ्या. चांगली माणसं आहेत म्हणताय ना, मग मागचा पोचल्यावर त्यालाही १० मिनिटं बसू द्यायचं एवढं तर करतील. आणि मधूनच कुठून तरी परतता येईल असा मार्ग बघा.

उन्हाची_तिरीप
आत्ताच टाच ठेवून बघितलं, गुडघा बराच वाकलेला राहतोय. थोडी वर केली. हवा पण दाबून बघितली, मागचा टायर बोटाने सहज दबतोय. गुडघे दुखतायत म्हणून हा रविवार येत नाही असं ग्रुपला कळवलं आणि पुढच्या वेळी आधी निघाले तर चालेल का विचारलं, दोघांनी लगेच चालेल म्हटलं, एक जण तर म्हणाला मी पण तुझ्याबरोबर आधी निघतो, मलाही तो वेग झेपत नाही. हे तो इतके दिवस बोललाच नव्हता.

पाठवारा, जोर लावून बघणार आहे, नक्की, पण गुडघे बरे झाल्यावर. आता एकच सांगा, पंप घ्यायचाय तर माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड आहे, गाडीच्या चाकाला असतो तसा. ग्रुपमधल्यांचा पंप त्याला बसत नाही, त्यांचे व्हॉल्व्ह बारीक आहेत.

जुनीचेन
जाड तो श्रेडर, बारीक तो प्रेस्टा. दोन्हीला चालेल असं तोंड असलेला पंप मिळतो, तोच घ्या, ग्रुपमधे कुणाचं पंक्चर झालं तरी उपयोगी पडेल.