साडेआठ महिन्यांच्या बाळाला घेऊन एकटीने ठाणे ते कुडाळ, रात्रीची रेल्वे – मदत हवी आहे

मोगरी

नमस्कार मंडळी,

गणपतीला गावी जायचंय, कुडाळजवळ. बाळाचा पहिला गणपती. लेक साडेआठ महिन्यांचा आहे. आधी पोटावर सरपटायचा, आता गुडघ्यांवर रांगतो, सोफ्याला धरून उभा राहतो, पण अजून चालत नाही. म्हणजे एका जागी ठेवला तर राहत नाही आणि हात धरून नेता येत नाही, अशा मधल्या वयात आहे.

नवऱ्याला चतुर्थीच्या आदल्या दिवसाआधी रजा नाही. आदल्या रात्रीच्या त्या गर्दीत बाळाला घेऊन जायची माझी अजिबात तयारी नाही. साठ दिवस आधी आरक्षण उघडलं तेव्हा सकाळी आठला तिघं तीन मोबाइल घेऊन बसलो होतो. पाच दिवस आधीचं एक तिकीट कन्फर्म मिळालं, थर्ड एसी, लोअर बर्थ. सेकंड एसी वेटिंगवर गेली म्हणून हे घेतलं. तर जायचं ठरलंय, एकटीने. ठाण्याला नवरा डब्यात बसवून देईल, सकाळी कुडाळला सासरे आणि दीर घ्यायला येतील. मधले आठ-नऊ तास मी आणि बाळ.

तो पाच महिन्यांचा असताना एकदा एका खासगी बसने गेलो होतो. बाळाला उलटी झाली, अंगावरचे सगळे कपडे भिजले. दोनदा विनवलं तरी चालकाने पाऊण तास गाडी थांबवली नाही. बाळ रडून रडून हिरवंनिळं झालं होतं. त्या दिवसापासून प्रवास म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. रेल्वेत निदान उठून फिरता येतं म्हणून रेल्वे निवडली.

आता खरी अडचण. मला बाथरूमला जायचं झालं तर बाळाला कुठे ठेवू? हा प्रश्न मी घरात विचारला तर सगळे म्हणाले, "शेजारच्या बाईकडे दे की." अनोळखी माणसाच्या हातात बाळ देऊन मी दार बंद करून आत जाऊ शकेन असं मला वाटत नाही. झोपलेल्या बाळाला बर्थवर ठेवून जाणं तर शक्यच नाही, तो कुशीवर वळून खाली येईल. कॅरियर आहे माझ्याकडे, पुढे बांधायचा. पण त्या हलत्या डब्यात, त्या एवढ्याशा जागेत, बाळ पोटावर बांधून... कुणी केलंय का असं?

दुसरं म्हणजे दूध. अंगावरच पितो, रात्री दोन-तीन वेळा उठतो. आणि वरचं खाणं नेमकं काय नेऊ, जे सकाळपर्यंत खराब होणार नाही?

गावच्या घरी काय काळजी घ्यायची तेही सांगा. कृपया "जाऊच नकोस" असं सांगू नका, ते घरी ऐकून झालंय.

दोन_लेकरांची_आई

मोगरी, मी केलंय. दोन्ही मुलांच्या वेळी, नागपूर ते पुणे. तुझ्या पोटातला गोळा मला इथून जाणवतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

बाथरूमचं असं. घरातून निघताना एकदा, ठाण्याच्या वेटिंग रूममध्ये एकदा, नवरा बरोबर असतानाच जाऊन ये. म्हणजे रात्री फार तर एकदा वेळ येईल. कॅरियर बांधून जाता येतं, पण बाळ पाठीवर येईल असा बांधू नकोस, पुढेच ठेव, आणि सलवारऐवजी सैल इलॅस्टिकची पँट घाल. नाडीची गाठ सोडताना आणि बांधताना दोन हात लागतात, आणि तुला एक हात कायम दांड्याला हवा. कमोडच्या बाजूचं बाथरूम गाठ. गाडी स्टेशनात थांबायला आली की वाकड्या रुळांवर डबा गदागदा हलतो, त्या वेळी जाऊ नकोस. एकदा गाडीने वेग धरला की त्यापेक्षा स्थिर असते.

मला स्वतःला दुसरी पद्धत जास्त बरी वाटली. गाडीत बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात आजूबाजूला कोण आहे ते बघ. कुटुंबाबरोबर असलेली, पन्नाशीची एखादी बाई असतेच, गणपतीच्या गाडीत तर हमखास. तिच्याशी बोल, बाळाला तिच्याकडे बघू दे. मग वेळ येईल तेव्हा तिला बर्थवर बसवून बाळ देऊ नकोस. तिला बाथरूमच्या दारापर्यंत बरोबर घेऊन जा. बाळ तिच्या कडेवर, ती दाराला टेकून उभी, आणि तू दार नुसतं ओढून घे, कडी लावू नकोस. आतून सतत बोलत राहा. बाळाला तुझा आवाज ऐकू येतो, तुला त्याचा. दोन मिनिटांचं काम. मी अशी तीन वेळा गेलेय आणि तिन्ही बायकांनी "अगं, सावकाश ये" म्हणून सांगितलं.

रेल्वेवेडा

बर्थबद्दल थोडं. ताई, सेकंड एसी का बरी ते पुढच्या वेळेसाठी सांगतो. तिथे मधली बर्थ नसते, त्यामुळे रात्रीही ताठ बसून बाळाला पाजता येतं, आणि पडदे असतात. थर्ड एसीतले पडदे काही वर्षांपूर्वीच काढले. शिवाय रात्री मधली बर्थ वर उचलून लावली की लोअरवर मान वाकवूनच बसावं लागतं.

पण तिकीट झालंय तर उपाय आहे. कपडे वाळत घालायचे सहा-आठ चिमटे आणि एक मोठी सुती ओढणी पर्समध्ये वरच ठेवा. मधल्या बर्थच्या कडेला ओढणी चिमट्यांनी अडकवली की तुमचा पडदा तयार. माझ्या बहिणीने केलंय, छान टिकतं.

पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण त्याला वेगळी जागाही मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. 2022 मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात लोअर बर्थला जोडून बाळासाठी छोटी घडीची बर्थ लावून पाहिली होती, कडेला अडसर असलेली. आपल्याकडच्या गाड्यांत ती नाही, त्यामुळे अडसर आपणच करायचा.

आणखी एक. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेवर वेग कमी ठेवतात, दरडींमुळे. उशीर धरूनच खाणं आणि डायपर घ्या, ठरलेल्या वेळेवर चार तास जास्तीचे. रस्त्यात नव्वदच्या वर बोगदे आहेत. रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. एसी डब्यात आवाज कमी येतो, तरी एकदम घुमायला लागलं की बाळ दचकतं. छातीशी धरा, बास.

सिस्टर_बालविभाग

मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. मोगरी, झोपण्याबद्दल सांगते, कारण धोका खरा तिथे आहे.

बाळ भिंतीच्या बाजूला, तू पॅसेजच्या बाजूला. रेल्वेची उशी आणि ती जाड ब्लँकेट बाळाजवळ नको, तुझ्या पायांवर घे. बाळाला पायमोजे, पातळ टोपडं आणि पूर्ण बाह्यांचं झबलं पुरे, झोप लागली की टोपडं काढ. कुशीवर झोपून पाजता येत असेल तर आजपासून घरी सवय कर. पाजता पाजता तुझा डोळा लागणारच, म्हणून पाजायच्या आधीच भिंतीकडची जागा मोकळी करून ठेव, तोंडावर येईल असं काही ठेवू नकोस. ओढणीचा पडदा लावलास तर त्याची टोकं बाळाच्या बाजूला लोंबू देऊ नकोस. कॅरियरमध्ये असेल तेव्हा हनुवटी छातीला चिकटलेली नाही ना आणि चेहरा तुला दिसतोय ना, एवढं बघायचं.

खाण्याचं: रात्रभर तो दुधावरच राहील, त्याची चिंता करू नकोस. सकाळसाठी जाडे पोहे कोरडे भाजून बारीक पूड कर, डब्यात भर. थर्मासमधलं उकळतं पाणी ओतलं की दोन मिनिटांत मऊ होतं, त्यात केळं कुस्करून घाल. नाचणीसत्व शिजवावं लागतं, ते गावी. घरून शिजवलेला मऊ भात नेऊ नकोस, आठ तासांत आंबतो.

औषधांत ताप मोजायची काडी, तुमच्या डॉक्टरांनी वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं औषध, आणि ओआरएसची पाकिटं. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, उकळून गार केलेल्या, आणि चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. अर्ध्या पाकिटाचं अर्धा लिटर असं अंदाजाने करू नका. लसीकरणाचं कार्ड बरोबर असू दे. नऊ महिने तिथेच पूर्ण होणार असतील तर गोवर-रुबेलाची लस परत आल्यावर लगेच.

कल्याणची_आजी

अगो मुली, आमच्या वेळी साडीची झोळी बांधायचो दोन बर्थच्या मध्ये. बाळं अशी झोपायची की उतरायच्या वेळी उठवावी लागायची. तू पण बांध.

सिस्टर_बालविभाग

आजी, पूर्वी बांधायचे हे खरंय, अजूनही दिसतात. पण हे बाळ धरून उभं राहतं. झोळीत उठून बसलं, कडेला ओणवं झालं, तर थेट खाली. उभं न राहणाऱ्या तान्ह्यासाठीसुद्धा मी चालत्या गाडीत सांगणार नाही. राग मानू नका.

कल्याणची_आजी

राग कसला? बरोबर आहे तुझं. नको बांधू गो, मोगरी.

पिंगुळीची_बाय

गो बाय, काय घाबरू नको, झिलाक घेवन ये. मी कुडाळच्या जवळचीच.

गावच्या घराचं सांगते, आमच्याकडे गेल्या वर्षी नणंदेचं रांगतं बाळ होतं. रांगणाऱ्या बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर आमचा सगळा गणपती असतो. समई खाली, निरांजन खाली, विड्याच्या पानावर सुपारी आणि रुपयाचं नाणं खाली, अक्षता सांडलेल्या, वातींची डबी, कापूर. त्या बाळाने आमच्या डोळ्यांदेखत सुपारी उचलून गालात घातली. आत्याने बोट घालून काढली तोवर आमचे हातपाय गार. त्या दिवशी दुपारीच आम्ही मखरापुढे आडवा बाक टाकला, पूजेला बसताना काढायचा, नंतर परत लावायचा. तुझ्या दिराला आधीच फोन करून सांग, बाक किंवा जुनं दार काहीतरी असतंच माळ्यावर.

माटवीला, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेल्या चौकटीला, कवंडाळं बांधतात ना, ती लाल-केशरी फळं पिकली की गळून पडतात. दिसायला सुंदर, पण कडूजहर, खायचं फळ नव्हे. रोज सकाळी माटवीखाली झाडून घ्यायला सांग. लायटिंगच्या वायरी पण बघ. आरतीला झांजा आणि ढोलकी एकदम कानाशी नको, ओसरीवर उभी राहा त्याला घेऊन.

सिस्टर_बालविभाग

आणि पंचामृत! त्यात मध असतो. एक वर्षाच्या आत मध चाटवायचासुद्धा नाही, थेंबभरही नाही. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. प्रसाद म्हणून बोट चाटवणारे हात घरात दहा असतात, म्हणून पहिल्याच दिवशी सासूबाईंच्या कानावर घाल. त्यांनी सांगितलं की घर ऐकतं. ओल्या खोबऱ्याचे तुकडे, साखरफुटाणेही नकोत.

रेल्वेवेडा

स्टेशनवरून घरी जाताना गाडीत पुढच्या सीटवर मांडीवर बाळ, असं करू नका. मागे बसा. मोटार वाहन कायद्यात 2019 पासून 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा लहान मुलांची सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे, पण दंड राहू द्या, पावसाळ्यात त्या रस्त्यांवर ब्रेक कधी लागेल सांगता येत नाही.

एसटीने_फिरणारी

नवरा एसटीने येणार असेल आणि परतीला तुम्हीही एसटीचा विचार करत असाल तर: मोठ्या स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो, बाळाला पाजायला. रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्याकडे गेलेल्या हिरकणीचं नाव. मी साताऱ्याला एका कक्षात शांतपणे बसून पाजलंय. कुलूप असेल तर चौकशीच्या खिडकीवर किल्ली मागायची, संकोच करायचा नाही. पण रांगणाऱ्या बाळाला रात्रभर बसच्या सीटवर मांडीवर ठेवणं अवघड, मी तरी रेल्वेच सांगेन.

मोगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. चिमटे, ओढणी, पोह्याची पूड यादीत आले. सासूबाईंना फोन केला, मधाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा झाला सांगितलंस, मी चाटवलाच असता." दिराने माळ्यावरून बाक काढलाय. कॅरियर बांधून घरच्या बाथरूममध्ये रोज एकदा सराव करतेय. कुशीवर पाजणं जमायला लागलंय.

मोगरी

पोचलो! सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी लागेल.

त्या दिवशी संध्याकाळी त्याला नऊपर्यंत घरभर मनसोक्त रांगू दिलं, दुपारची झोप तासाभराची कमी केली. गाडीत बसल्यावर पाजलं आणि पनवेल यायच्या आत तो झोपला. ओढणीचा पडदा मस्त टिकला. समोरच्या काकांनी स्वतःहून विचारलं, मधली बर्थ जरा उशिरा लावू का म्हणून.

दोनदा उठला. दुसऱ्यांदा पहाटे, आणि मग झोपेना. त्याला खिडकीशी उभा केला, दोन्ही हात काचेवर. बाहेर अंधार, काचेवर पाण्याचे ओघळ. एक एक थेंब खाली घसरायचा आणि हा बोटाने त्याच्या मागे जायचा. असा अर्धा तास गेला.

बाथरूमला एकदाच जावं लागलं, साडेपाचच्या सुमारास. शेजारच्या बर्थवर कणकवलीला उतरणाऱ्या एक काकू होत्या. रात्रीच थोडं बोलणं झालं होतं. त्या उठून माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या. मी दार ओढून घेतलं, कडी लावली नाही, आणि आतून मोठ्याने अडगुलं मडगुलं म्हणत राहिले. बाहेरून काकू पुढची ओळ म्हणत होत्या. बाहेर आले तर हा त्यांच्या हिरव्या बांगड्या एक एक करून मनगटावर वर सरकवत होता, माझ्याकडे बघायलाही तयार नाही. मला रडू आलं, ते त्यांनी पाहिलं, आणि काही न विचारता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

पोह्याची पूड सकाळी केळ्यात खाल्ली, वाटी संपवली. डायपर सात नेले होते, चार लागले. जास्तीचे कपडे बॅगेत तळाशी नका ठेवू, मी ठेवले होते आणि अंधारात शोधताना हाल झाले. एक पूर्ण जोडी वेगळ्या पिशवीत, हाताशी.

परतीचं सेकंड एसीचं मिळालंय, नवरा बरोबर आहे.

एकच विचारायचंय. इथे त्याला डास चावलेत, दोन्ही पायांना. मच्छरदाणी लावतो, पण संध्याकाळी ओसरीवर सगळे बसतात तेव्हा काय करू?

सिस्टर_बालविभाग

पूर्ण पायांची सैल सुती पँट, पायमोजे, आणि दिवेलागणीच्या वेळी घरात मच्छरदाणीत किंवा पंख्याखाली. निलगिरीचं तेल वगैरे अंगाला चोळू नका, तीन वर्षांच्या आत नको. खाजवून जखम झाली, पुरळ वाढलं किंवा ताप आला तर थांबू नका, दवाखान्यात दाखवा.

पिंगुळीची_बाय

मगे, आमच्याकडे कधी येतंस? तवसा, म्हणजे मोठी काकडी, ठेवलंय काढून. झिलाक घेवन ये.