मदत हवी आहे: संस्थेसाठी पैसे उभे करायचे आहेत, वर्गणी सोडून काही सुचवा

पाखाडी:
नमस्कार. आमची संस्था नऊ वर्षं चालू आहे आणि आता पैसे संपत आलेत. मे महिन्यात ऑर्केस्ट्रा ठेवला होता. तिकिटं घरोघर फिरून खपवली, पण मांडव, जनरेटर आणि साउंडवाल्याचे पैसे देऊन हातात अकराशे रुपये उरले. वर्गणीसाठी त्याच त्याच दारात जायला आता पाय उचलत नाही. दुकानांत डबे ठेवूनही झालं. काहीतरी वेगळं सुचवा. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, २७ ऑगस्टला गणपती, त्याच्या आत हालचाल हवी. "क्राउडफंडिंग करा" एवढंच लिहून कृपया जाऊ नका.

सागरवेळ:
कसली संस्था? कुठे? किती पैसे हवेत?

माहेर_दापोली:
लकी ड्रॉ काढा. शंभर रुपयांचं तिकीट, पहिलं बक्षीस मिक्सर. आमच्या क्रिकेट मंडळाने दोन वर्षं काढला, एका आठवड्यात पैसे जमले.

निवृत्त_लेखापाल:
माहेरताई, हे सुचवू नका. तिकीट विकून सोडत काढणं म्हणजे विनापरवाना लॉटरी. तो गुन्हा आहे. मंडळाचं निभावलं म्हणून नोंदणीकृत संस्थेने करू नये, उद्या विश्वस्तांवर शेकेल. पाखाडी, तुमचा ट्रस्ट आहे की नुसता गट? ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत देणारी नोंदणी, आहे का?

पाखाडी:
ट्रस्ट आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला. ८०जी आहे. पण मी कल्पना विचारली होती.

सागरवेळ:
अहो, काम काय करता ते अजून सांगितलं नाहीत.

पाखाडी:
गुहागर तालुक्यात रुग्णसाहित्य केंद्र आहे. कॉट, हवेची गादी, वॉकर, कमोड खुर्ची, चाकाची खुर्ची घरी वापरायला देतो. ५०० रुपये अनामत, वस्तू परत आली की अनामत परत. भाडं घेत नाही.
चार कॉट होत्या, त्यातल्या दोन खाऱ्या हवेने गेल्या. पायाकडे हँडल असतं, ते फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येते. त्याचा स्क्रू गंजून धरला. गेल्या महिन्यात एका घरी जोर लावला तर हँडलच उपसून हातात आलं. ती कॉट चौघांनी खांद्यावर घेऊन पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, सत्तर पायऱ्या उतरवली होती. त्या रात्री आजोबांच्या सुनेने पाठीला चार उशा लावून, एका हाताने त्यांना धरून पेज भरवली. मला ते बघवलं नाही, म्हणून इथे लिहायला बसलो.
दोन कॉटचे ३६ हजार, तीन गाद्यांचे ९ हजार, खोलीचं वर्षाचं भाडं १८ हजार. एकूण ६३ हजार.

हर्णैचा_तांडेल:
दादा, नवीन कॉट आणाल तीपण गंजेल. होडीच्या विंचला (दोर ओढायच्या यंत्राला) आम्ही मरीन ग्रीस लावतो, साधं नाही. स्क्रूला दर दोन महिन्यांनी लावा, वर जुन्या सायकलची ट्यूब कापून गुंडाळा. पाय आणि सांधे घासून रेड ऑक्साइड, मग रंग. हँडल तुटलेली कॉट टाकून देऊ नका, आमच्याकडचा वेल्डर नवा रॉड जोडून देईल.

पाखाडी:
हे विचारलं नव्हतं, पण उपयोगाचं आहे. बघतो.

मालवणी_मुलूख:
आमच्याकडे दशावताराचो प्रयोग लावतत, मंडळी रातभर बसतत. गुहागरात लावून बघा, दशावतार बघूक लोक लांबसून येतले.

नमनवाला:
गुहागरात दशावतार कशाला? इथे नमन आहे, जाखडी आहे, आपल्याच लोककला. आमच्या वाडीच्या नमनाचे मुंबईत प्रयोग होतात आणि नाट्यगृह भरतं. गण, गवळण, वगनाट्य, सगळं घरचं. कलाकार गावचेच, मानधनही घेणार नाहीत.

मालवणी_मुलूख:
नमनाक कोण ना म्हणता? पण तिकीट काढून दशावतारच बघतत.

सागरवेळ:
दोघांनाही सांगते, ऑर्केस्ट्रात जे झालं तेच पुन्हा होईल. खर्च आधी, पैसे नंतर. शिवाय मोकळ्या जागेत रात्री १० नंतर स्पीकर बंद, मग रातभर प्रयोग कसा करणार? मुंबईत नाट्यगृह घ्यायचं तर भाडं आणि तारीख. गणपतीच्या आत शक्यच नाही.

व्यवहारी:
माझं स्पष्ट मत, भाडं घ्या. रोज दहा रुपये. फुकटच्या वस्तूची कुणाला किंमत नसते, म्हणूनच कॉट मोडतात.

पाखाडी:
कॉट गंजून मोडली, कुणी वापरून मोडली नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी महिन्याला तीनशे रुपये मागायचे नाहीत, हे पहिल्या दिवशी ठरलंय. ते बदलणार नाही.

व्यवहारी:
मग दर तीन वर्षांनी हात पसरावे लागतील.

सागरवेळ:
परत करताना ज्यांना परवडतं ते अनामत ठेवून जातात का? तुम्ही कधी विचारलंत?

पाखाडी:
विचारलं नाही. चार-पाच जणांनी स्वतःहून ठेवली. माणूस गेल्यावर कॉट परत येते, तेव्हा पैशाचं बोलायला जीभ रेटत नाही.

निवृत्त_लेखापाल:
तोंडाने बोलू नका. परतीच्या पावतीवर दोन चौकटी छापा: "अनामत परत मिळाली" आणि "अनामत देणगी दिली". ज्याला जी हवी ती खूण करेल.
आता ८०जीचा कागद काढा. तात्पुरती नोंदणी आहे की नियमित?

पाखाडी:
काढला. तात्पुरती, २०२२ मधली.

निवृत्त_लेखापाल:
मला हीच शंका होती. तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते, नियमितचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी करायचा होता. तुमची मुदत मार्चमध्येच संपली. १२एचंही, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या करमाफीच्या नोंदणीचंही, तेच झालं असणार. उद्याच सीएकडे जा. तोवर करसवलतीची पावती कुणालाही देऊ नका, देणगीदार अडचणीत येतील. घाबरू नका, ज्याने नवी करप्रणाली घेतली आहे त्याला ८०जीची वजावट तशीही मिळत नाही. तुमचे छोटे देणगीदार सवलतीसाठी देत नाहीत. पण कंपनीच्या सीएसआरकडे, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीकडे, जायचं तर हे दोन्ही कागद आणि त्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागेलच.

आखाती_कोकण्या:
मी दुबईला असतो, एक कॉट मी देतो. खाते क्रमांक टाका.

निवृत्त_लेखापाल:
क्रमांक इथे नको, व्यक्तिगत निरोपात घ्या. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर तुमच्या बचतीतली देणगी परदेशी धरली जात नाही. पण परदेशी नागरिकत्व घेतलेल्या कुणाकडून, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयाचं) कार्ड असलं तरी, एफसीआरए नोंदणीशिवाय, म्हणजे परदेशी देणगी घ्यायच्या परवानगीशिवाय, काही घेऊ नका.

आखाती_कोकण्या:
भारतीयच आहे.

डोंबिवली_ते_गुहागर:
मी चाकरमानी. आमचं मुंबई मंडळ देवळाच्या सभामंडपासाठी लाखाने पैसे जमवतं, कारण प्रत्येकाला आपलं नाव कुठल्या खांबावर येणार ते ठाऊक असतं. "संस्थेला मदत करा" म्हटलंत तर लोक ५१ रुपये देतात. "हवेची गादी, तीन हजार, तुमच्या आईच्या स्मरणार्थ" म्हटलंत तर तेच घर तीन हजार देतं. वस्तूंची यादी किमतीसह एका कागदावर छापा आणि प्रत्येक वाडीत आरतीनंतर वाचून दाखवा. सगळे चाकरमानी तेव्हा एका जागी सापडतात.
दुसरं म्हणजे, इथे डोंबिवलीत दर चौथ्या घरात माळ्यावर वॉकर किंवा कमोड खुर्ची पडून आहे. आजी गेली, वस्तू राहिली, टाकवत नाही. मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाका. आम्ही गणपतीला गट आरक्षणाने एसटी करून येतो, वस्तू सोबतच येतील.

नमनवाला:
हे चांगलं आहे. आमच्या वाडीत मी वाचतो यादी.

बागायतदार_रत्नागिरी:
उशिरा लिहितोय. पुढच्या हंगामासाठी सांगतो, आम्ही शाळेकरिता केलं होतं. बागवाल्यांना पैसे मागू नका, आंब्याचं एक कलम (झाड) मागा. त्या कलमाला खूणगाठ बांधायची आणि त्याचा आंबा शाळेचा. फवारणी, राखण, काढणी बाकी बागेबरोबरच होते. आम्हाला सात कलमं मिळाली, पेट्या मुंबईत थेट घरी दिल्या. थंडी कमी पडली तर मोहोरच येत नाही, हा धोका आहे.

मालवणी_मुलूख:
देवगड हापूस घेतल्यात तर भाव जास्ती गावतलो.

बागायतदार_रत्नागिरी:
हापूसचं भौगोलिक मानांकन २०१८ ला रत्नागिरी आणि देवगड दोघांनाही मिळालंय, इथे तो वाद नको.

निवृत्त_लेखापाल:
कलमाची कल्पना उत्तम. विक्रीचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा, देणगीत मिसळू नका.

पाखाडी:
सगळ्यांचे आभार. यादी उद्या छापायला देतो. तांडेल, तुमच्या वेल्डरचा पत्ता निरोपात पाठवा, तुटलेली कॉट टेम्पोत घालून आणतो. लेखापाल काका, सीएची वेळ घेतली आहे.

वरचीवाडी:
धागा वाचून विचारतो. आई पडली, खुबा मोडला होता, शस्त्रक्रिया झाली, परवा घरी आणतोय. वॉकर मिळेल का? शृंगारतळीला येऊन नेऊ शकतो.

पाखाडी:
मिळेल, दोन शिल्लक आहेत. आईंची उंची किती, दोन्ही हातांत जोर आहे का आणि न्हाणीघराला उंबरा आहे का तेवढं सांगा, म्हणजे त्याप्रमाणे पाय लावून ठेवतो. अनामत आत्ता नसेल तर नंतर द्या.