वेब सर्व्हिस कंपोझिशनवर पीएचडी: विषय खरंच शिळा झालाय का?

नांदेडकर_मास्तर

नमस्कार मंडळी.

मी नांदेडजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवतो. नोकरी सांभाळून पीएचडी चालू आहे. विषय सर्व्हिस ओरिएंटेड कॉम्प्युटिंगमधला: ई-कॉमर्ससाठी क्यूओएस (सेवेचा दर्जा) बघून वेब सर्व्हिसेस (एका प्रोग्रामने दुसऱ्याला नेटवरून पुरवलेल्या सेवा) निवडायच्या आणि त्यांची साखळी जोडायची, म्हणजेच सर्व्हिस कंपोझिशन. डेटासेट सगळे वापरतात तोच, डब्ल्यूएस-ड्रीम. अल्गोरिदम तयार आहे, आलेखही देखणे येतात.

परवा प्रोग्रेस सेमिनारला बाहेरचे परीक्षक आले होते. त्यांनी पहिल्याच स्लाइडवर थांबवलं. "यूडीडीआय (वेब सर्व्हिसेसची सार्वजनिक नोंदवही) बंद पडून किती वर्षं झाली? आणि हे आज वापरतं कोण?" गाइड माझ्याकडे बघताहेत, मी प्रोजेक्टरकडे.

शीर्षक बदलायचं तर पुन्हा आरआरसीसमोर (विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर) उभं राहावं लागेल, त्यात वर्ष जाईल. म्हणून इंडस्ट्रीतल्या लोकांना विचारतो: तुमच्या रोजच्या कामात सर्व्हिस कंपोझिशन असं काही असतं का? की मायक्रोसर्व्हिसेस (छोट्या, सुट्या सेवा) आल्या आणि हे सगळं गुंडाळलं गेलं? चेष्टा केलीत तरी चालेल, एकदा झालीच आहे.

---

बंड्या_३०

मास्तर, शीर्षकात "एजंटिक" हा शब्द घुसडा. परीक्षक खूश, आरआरसी खूश. 😀

(गंमत सोडा, धागा वाचनखुणेत टाकलाय. आमच्या ऑफिसातही हाच वाद चालू असतो.)

---

एक्सएमएल_पीडित

मास्तर, परीक्षकांचा पहिला प्रश्न रास्त आहे. दुसरा त्यांनी घाईत विचारला. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी यूडीडीआय. २००० साली आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि अरिबा यांनी ते जाहीर केलं. जगभरच्या कंपन्यांची एक सार्वजनिक नोंदवही असेल, माझा प्रोग्राम त्यात पुरवठादार शोधेल, त्याची डब्ल्यूएसडीएल (सेवा कशी वापरायची याचं वर्णन) उचलेल आणि सोपचा (एक्सएमएलमधला) निरोप पाठवून माल मागवेल, मध्ये माणूस नाही, अशी ती कल्पना. देणारा, घेणारा, नोंदवही हा त्रिकोण तुमच्या पहिल्या स्लाइडवर असणार, पैज लावते. ती सार्वजनिक नोंदवही जानेवारी २००६ मध्ये बंद झाली.

मी त्या सुमाराला चाकणच्या बाजूला एका वाहन कंपनीच्या पुरवठादारांच्या सिस्टिम एकमेकींना जोडायचं काम करत होते. नोंदवहीत शोधून पुरवठादार मिळाला असं एकदाही घडलं नाही. परचेसवाले साहेब आधी शॉपफ्लोअर बघून यायचे, नमुने तपासायचे, पैसे साठ दिवसांनी की नव्वद यावर घासाघीस व्हायची, आणि हे सगळं उरकल्यावर माझ्याकडे ईमेलने डब्ल्यूएसडीएलची फाइल यायची. यूडीडीआय म्हणजे वधूवर सूचक मंडळाची वही झाली होती: कोणीही येऊन नाव लिहावं, लग्न झालं तरी खोडायला कोणी परत येत नाही, आणि दिलेली माहिती खरी की खोटी याची जबाबदारी मंडळाकडे नाही.

संशोधनाचं गाडं मात्र शोधण्यावरच जोरात निघालं होतं. कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम या संगणकशास्त्राच्या मासिकाचा पापाझोग्लू आणि जॉर्जाकोपुलोस यांनी संपादित केलेला विशेष विभाग ऑक्टोबर २००३ चा, आणि आयसीएसओसी ही या विषयाची मुख्य परिषद त्याच डिसेंबरात इटलीतल्या त्रेंतोला पहिल्यांदा भरली. (२०१५ ची गोव्यात झाली होती. कंपनीकडून जायला मिळेल म्हणून मी फार आशा लावून बसले होते. असो.) पुढची कित्येक वर्षं "सेवांचं वर्णन अधिक अर्थपूर्ण कसं करावं" यावर पेपरांचे ढीग पडले. ज्या सेवा जोडायच्या त्या सार्वजनिक ठिकाणी उरल्याच नव्हत्या, तरीही.

आता दुसरा प्रश्न, हे आज वापरतं कोण. ओएनडीसी हे ऑनलाइन खरेदी-विक्रीचं खुलं नेटवर्क बघा.

मी आता एका सेलर ॲपच्या टीममध्ये आहे. छोटे दुकानदार आमच्यामार्फत ओएनडीसीवर येतात. ही ना-नफा कंपनी डिसेंबर २०२१ मध्ये नोंदली गेली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरात नेटवर्क सर्वसामान्य ग्राहकांसाठी उघडलं. खाली बेक्न हा प्रोटोकॉल आहे, म्हणजे ॲपांनी एकमेकांशी बोलायचे ठरलेले नियम. त्याची रचना बघा आणि तुमच्या त्रिकोणाशी ताडून पाहा: बायर ॲप, सेलर ॲप आणि मध्ये रजिस्ट्री! फरक आहे तो रजिस्ट्रीत काय ठेवलंय यात. आमची सेवा किती गुणी आहे याचं वर्णन तिथे नाही. आमचा पत्ता, कुठल्या शहरात आणि कुठल्या मालात आहोत, आणि आमची सार्वजनिक किल्ली, एवढंच. प्रत्येक निरोपावर एडी२५५१९ पद्धतीची डिजिटल सही असते. समोरचा रजिस्ट्रीतून आमची किल्ली काढून ती पडताळतो आणि जुळली नाही तर निरोप दारातूनच परत. त्यात नाव लागायच्या आधी करारावर सही करावी लागते आणि चाचण्यांतून जावं लागतं. चाकणच्या परचेसवाल्या साहेबांचं काम या व्यवस्थेत कुठेतरी बसवलंय, म्हणून ती चालते.

आता कंपोझिशन. सोलापुरातल्या एका दुकानदाराची चादर आहे, ग्राहक नाशिकचा. त्याच्या ॲपने आम्हाला सिलेक्ट (हा माल निवडलाय, भाव कळवा असा निरोप) पाठवला. आम्ही लगेच फक्त "पोचला" एवढी पोच देतो. खरं उत्तर ऑन-सिलेक्ट म्हणून मागाहून उलट्या दिशेने जातं. पण त्या उत्तरात डिलिव्हरीचं भाडं लागतं, ते आमच्याकडे कुठे आहे? म्हणून आम्हीच त्या क्षणी ग्राहकाच्या भूमिकेत शिरून कुरिअरवाल्यांच्या डोमेनमध्ये वेगळा सर्च टाकतो. दोन-तीन भाव येतात, एक निवडतो, चादरीच्या किमतीत मिळवतो आणि नाशिकला कळवतो. हे सगळं निरोपासोबत आलेल्या टीटीएलच्या (उत्तराच्या मुदतीच्या) आत, बहुतेक वेळा तीस सेकंद. चालू व्यवहारात, अनोळखी कंपन्यांच्या सेवा, भाव आणि वेळ बघून जोडणं: तुमच्या शीर्षकात हेच लिहिलंय ना?

अवघड भाग याच्या पुढे आहे, आणि तिथे मला खरंच संशोधक हवेत. चादर निघाली, ट्रॅकिंग सुरू झालं आणि ग्राहकाने ऑर्डर रद्द केली, किंवा दारावर "नको" म्हणाला. पैसे बायर ॲपकडे जमा आहेत. कुरिअरशी करार आमचा आहे. बिल दुकानदाराच्या नावाने फाटलंय. आता हे उलगडायचं कसं?

गार्सिया-मोलिना आणि सेलम यांचा सागावरचा १९८७ चा पेपर तुम्ही वाचला असेलच. लांबलेल्या व्यवहाराचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्याला एक भरपाईचा व्यवहार ठेवा, मध्ये फिसकटलं तर मागच्या मागे भरपाया चालवत या. डेटाबेससाठी सुरेख. चादरीच्या बाबतीत भरपाई म्हणजे आरटीओ, माल परत पाठवणं. त्याला परतीचं भाडं लागतं. क्रेडिट नोट काढावी लागते. आणि चादर चार दिवसांनी येते तेव्हा पिशवी फाडलेली, घडी मोडलेली असते, म्हणजे ती नवी म्हणून विकता येत नाही. भरपाईचा व्यवहारच अर्धा फसला, तर त्या भरपाईची भरपाई कोणी द्यायची? रद्द करण्याच्या कारणांना क्रमांक ठरवून दिलेत, तक्रारींसाठी वेगळे निरोप आहेत, पण कुठल्या क्रमांकाला कोणाच्या खिशातून किती जाणार हे महिन्याअखेरीस आमच्या अकाउंट्सच्या ताई एक्सेलमध्ये बसून जुळवतात. ऑर्केस्ट्रेशन म्हणा, बीपेल (सेवांची साखळी लिहायची भाषा) म्हणा, काय वाटेल ते नाव द्या, आमचं कंपोझिशन इंजिन त्या ताई आहेत.

तुमच्या डेटासेटबद्दल एकच बोलते. डब्ल्यूएस-ड्रीममध्ये ३३९ वापरकर्ते आणि ५,८२५ सेवा. ते वापरकर्ते म्हणजे प्लॅनेटलॅब या संशोधनासाठीच्या जाळ्यातली मशीनं, आणि मोजलंय काय, तर रिस्पॉन्स टाइम आणि थ्रूपुट. कोणी काही विकत घेतलं नाही, कोणी काही परत केलं नाही. शीर्षक तसंच ठेवा. त्यातल्या क्यूओएसमध्ये "शब्द पाळला का" आणि "मोडला तर किती पैशांना पडलं" हे दोन आकडे आणा. आरआरसीला जायची गरज नाही.

---

आइंडहोवनची_सायकल

एक्सएमएल_पीडित, प्रतिसाद आवडला, पण संशोधकांना जरा जास्तच झोडपलंत. भरपाईचा विचार झाला नव्हता असं नाही. बीपेलमध्ये कॉम्पेन्सेशन हँडलर (भरपाई चालवणारे तुकडे) पहिल्यापासून होते (२००२ ची आवृत्ती बघा, ओआसिस या संस्थेचं मानक २००७ चं). डब्ल्यूएस-बिझनेसॲक्टिव्हिटी तर याच कामासाठी काढलं होतं.

मास्तरांनी आणखी एक पाहावं: ऑर्केस्ट्रेशन आणि कोरिओग्राफी. बीपेलमध्ये सूत्रं एकाच्या हातात असतात. ओएनडीसीत तसा सूत्रधार कोणी नाही, प्रत्येकजण ठरल्या क्रमाने निरोप देतो-घेतो. म्हणजे ही कोरिओग्राफी. त्यावर २००४ ते २०१० मध्ये औपचारिक पद्धतींचं भक्कम काम झालंय: एखादा सहभागी ठरलेला क्रम पाळतो का, दोघेही एकमेकांची वाट बघत अडकून पडतील का, वगैरे. त्या काळी तपासायला खरी उदाहरणं नव्हती, आता एक चालतं नेटवर्क समोर आहे. तो जुना पाया घ्या, परीक्षकांनाही उत्तर मिळेल.

---

एक्सएमएल_पीडित

मान्य, कोरिओग्राफीचा मुद्दा अगदी नेमका आहे. सेलरकडून ऑन-कन्फर्म (ऑर्डर पक्की झाल्याचं उत्तर) पोचायच्या आधीच ग्राहकाचा कॅन्सल येऊन धडकणं, हा आमच्याकडचा नेहमीचा घोळ आहे आणि प्रत्येक ॲप तो आपापल्या समजुतीने सोडवतं.

हँडलरबद्दल मात्र माझं म्हणणं कायम. हँडलर "काय चालवायचं" ते सांगतो. खर्च कोणाच्या माथी हे त्याला ठाऊक नसतं, आणि एकाच कंपनीच्या आत ते ठाऊक असायची गरजही नव्हती.

---

चादरवाला

मी सोलापूरचाच, म्हणून राहवलं नाही. बीपेल वगैरे कळत नाही, पण ताईंनी लिहिलेली चादर माझीच आहे असं वाटलं. एका ॲपवर (नाव घेत नाही) माझा डबल बेडचा नग परत आला, दोन्ही वेळचं भाडं माझ्या हिशेबातून वजा. विचारलं तर म्हणे "सिस्टीमने कारण टाकलंय". कारण काय, तर "विक्रेत्याकडून उशीर". माल मी त्याच दिवशी दुपारी दिला होता, पिकअपवाल्याची सही माझ्याकडे आहे. ती सही लावायची कुठे, ते कोणी सांगत नाही. मास्तर, पीएचडीत एवढं एक कलम घाला: कारण कोणी टाकलं ते विक्रेत्याला दिसलं पाहिजे.

---

नांदेडकर_मास्तर

काय बोलू! इतक्या वर्षांत गाइडकडून एवढं मिळालं नव्हतं. (ते इथे नाहीत अशी आशा आहे.) चादरवाले दादा, तुमचं कलम वहीत उतरवून घेतलं.

एक्सएमएल_पीडित मॅडम, एकच अडचण. हे सगळं करायला खरे लॉग लागतील. ते कोण देणार?

---

एक्सएमएल_पीडित

कोणी देणार नाही, निदान पहिल्या वर्षी. त्यासाठी अडून बसू नका. प्रोटोकॉलचे तपशील गिटहबवर खुले आहेत. एक खोटा बायर, एक खोटा सेलर आणि तीन खोटे कुरिअर लिहा. बीईच्या शेवटच्या वर्षाच्या चार पोरांना प्रोजेक्ट म्हणून द्या, उत्साहाने करतील. मग मुद्दाम बिघाड घाला: कॅन्सल आधी पोचवा, कुरिअरचं उत्तर टीटीएलनंतर पाठवा, आरटीओचं कारण बदला. प्रत्येक वेळी शेवटी कोणाच्या खात्यात किती उरलं ते मोजा. चादरवाल्यांची केस पहिली घ्या: कारणाच्या निरोपावर टाकणाऱ्याची सही असतेच, ती दुकानदारापर्यंत पोचवायला साखळीत काय बदलावं लागेल एवढाच एक पेपर होईल.

एवढं हातात घेऊन मग कंपन्यांकडे लॉग मागायला जा. अर्जात फोन नंबर आणि पत्ते आधीच काढून द्यावेत असं स्वतःहून लिहा, म्हणजे लीगलवाले निदान मेल उघडतील.