हाताला पावडर लागली, म्हणजे लाच घेतली?

खडीसाखर: एसीबीच्या (लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या) सापळ्यात नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पावडर लावतात. नोटा हाताळणाऱ्याची बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवली की पाणी गुलाबी होतं. आपल्याकडे अँथ्रासिनही वापरतात, ते अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. माझ्या मते या गुलाबी पाण्याला आपण फार भाव देतो. तक्रारदाराने नोटा टेबलावर टाकल्या, साहेबांनी ‘हे काय?’ म्हणत परत ढकलल्या, तरी पाणी गुलाबीच.

नाखवा: असहमत. नुसत्या पाण्यावर शिक्षा कुठे होते? बी. जयराज खटल्यात (२०१४) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की मागणी सिद्ध झाली नाही तर नोटा सापडून भागत नाही. नीरज दत्ता प्रकरणात २०२२ साली घटनापीठानेही मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायलाच हवेत असं सांगितलं. ‘मी हात लावलाच नाही’ हे पावडर खोटं पाडते. तेवढंच तिचं काम, आणि ते ती चोख करते.

पोटमाळा: चोख? १९७४ च्या बर्मिंगहॅम बॉम्बस्फोटांनंतर संशयितांच्या हातांची ग्रीस (Griess) चाचणी, म्हणजे स्फोटकांचे अंश शोधणारी रासायनिक चाचणी, झाली. तज्ज्ञ छातीठोकपणे म्हणाला, स्फोटकंच हाताळलीत. पुढे दिसलं की पत्त्यांवरच्या लेपातल्या नायट्रोसेल्युलोजनेही तसाच निकाल येतो, आणि ही मंडळी रेल्वेत पत्ते खेळत होती! सहा जण १९९१ मध्ये सुटले.

नाखवा: तिथे हाताला काय लागलंय तेच ठाऊक नव्हतं. इथे पदार्थ आपणच निवडून लावलाय. एरवी सरकारी टेबलावर फिनॉल्फ्थॅलिन येणार कुठून?

पोटमाळा: तक्रारदाराच्या हातून! म्हणूनच तर त्याला हस्तांदोलन करू नको असं बजावतात. शिवाय पथक आत शिरून मनगटं धरतं, त्या हातांचं काय? आधी साक्षीदारांसमोर पथकाचे हात त्याच पाण्यात बुडवून दाखवावेत. साहेबांचे हात सापळ्याआधी तपासता येत नाहीत, हे मान्य. आधी हात धुवायला बोलावलं तर लाच कोण घेईल?

खडीसाखर: हे पटलं. ड्रॉवर आणि खिसाही कापसाने पुसून तपासतात, तिथला बोळा वेगळ्या बाटलीत हवा. पैसे कुठे फिरले ते त्यावरून कळतं, हाताच्या धुवणावरून नाही.

नाखवा: बाटल्या वेगळ्याच सील करतात हो, पंचांच्या सह्यांसकट. माझी तक्रार अँथ्रासिनबद्दल आहे. गुलाबी पाणी प्रयोगशाळेला पाठवता येतं, दिव्याखालची चमक मात्र मुख्यतः पंचांच्या डोळ्यांवर. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण कायद्यानेच सांगितलंय. मग नोटांना पावडर लावण्यापासूनच कॅमेरा सुरू ठेवायला काय हरकत आहे?

पोटमाळा: हरकत नाही. पण मागणीचं रेकॉर्डिंग अस्पष्ट असेल तर त्या चित्रफितीत फक्त गुलाबी पाणीच दिसेल.