मदत हवी आहे: मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीनं, आम्ही चौघं, त्यातला मी लातूरचा

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या. झालंय असं की माझा इंजिनिअरिंगचा रूममेट मुंबईत असतो, त्यानं अन् त्याच्या साडूनं मिळून ३२ फुटी जुनी शिडाची बोट घेतलीय अन् जानेवारीत ती गोव्याला न्यायची म्हणायलेत. ते दोघं, ऑफिसातला एकजण, अन् चौथा माणूस कमी पडायलाय म्हणून मला फोन. रात्रीचे अकरा वाजलेले, पोट भरलेलं, मी हो म्हणून बसलो. सकाळी उठल्यावर ध्यानात आलं की आपण आजवर समुद्रात गुडघ्याच्या वर गेलेलोच नाही. तेबी गणपतीपुळ्याला, पँट दुमडून.

गाव औसा तालुक्यातलं. पोहता येतं, विहिरीत शिकलोय कमरेला वाळके भोपळे बांधून, पण विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो हो.

दोस्त म्हणतो कुठं थांबायचंच नाही, सरळ पणजी. साधारण २३० नॉटिकल मैल, ५ नॉटनं, म्हणजे ताशी ५ नॉटिकल मैलांनी, गेलं तर ४६ तास, म्हणजे दोन दिवस अन् दोन रात्री, दोघांनी जागायचं दोघांनी झोपायचं. मला हे कागदावर लई सोपं दिसायलंय म्हणूनच भ्या वाटायलं. थांबत थांबत गेलेलं बरं का? बोटीत पिण्याच्या पाण्याची टाकी १२० लिटरची आहे म्हणे, चौघांना पुरंल का? अन् मला मांजरसुंब्याच्या घाटात एसटीत उलटी होते, तर समुद्रात काय होईल? आईला अजून सांगितलेलं नाही, त्यावर पण काही सुचलं तर सांगा.

खाडीकाठचा:
दादा, जानेवारी उत्तम महिना आहे. वादळांचे महिने म्हणजे मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, निसर्ग ३ जून २०२० ला आलं ते आम्ही अजून विसरलेलो नाही.

पण पहिल्याच फेरीत रात्री चालवू नका. लाटांचं काही नाही, भीती जाळ्यांची. मुंबई-रायगडकडे डोल जाळी असतात, खाली खुंट मारून बांधलेली, पुढे रत्नागिरीकडे वेगळी जाळी, आणि अंधारात जाळ्यावरचा बावटा दिसत नाही. जाळ्याचा दोर बोटीच्या पंख्यात गुंडाळला की इंजिन बंद, मग एकाने सुरी घेऊन पाण्यात उतरायचं. आमचे वडील तांडेल, म्हणजे बोटीचे म्होरके होते, त्यांना पण हे काम नको वाटायचं.

पहाटे चारला निघा, उजेड होईपर्यंत एकजण पुढे टॉर्च घेऊन बसूदे. जमिनीवरून येणारा मतलई वारा तेव्हा चांगला असतो, अकराच्या सुमारास तो पडतो, मग शीड नुसतं फडफड करतं आणि डोकं फिरतं, तेव्हा इंजिन लावा आणि जेवून घ्या. दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा, तो तुमच्या पाठीवर, बोट आपोआप पळते. उन्हं उतरायच्या आत खाडीत. पहिल्या दिवशी दिघी, दुसऱ्या दिवशी दाभोळ, दम असेल तर जयगड. दाभोळच्या तोंडाशी वाळू आहे, भरती अर्धी चढल्याशिवाय शिरू नका. जयगडला ती भानगड नाही, मोठी जहाजं येतात. मग विजयदुर्ग, मग मालवण, पाचव्या दिवशी पणजी. दोस्ताला घाई असेल तर त्याला रेल्वेने पाठवा.

मालवणी खाजा:
काळोख पडल्यार मालवणात येव नकात हां. किल्ल्याच्या आजूबाजूक खडपां आसत, भरतीक दिसणत नाय. उशीर झालो तर आदल्या दिवशी विजयदुर्गातच रवा, बंदर झकास आसा.

परभणीचा जहाजी:
गाववाले! मी मर्चंट नेव्हीत हाय, बारा वर्षं झाली, मला पण घरच्यांनी विचारलं होतं की परभणीला कुठं समुद्र हाय.

वरच्या भाऊंचं बरोबर हाय, फक्त एक सांगतो. जाळ्यांना भिऊन लोक लांब खोल समुद्रात जातात अन् मग जहाजांच्या रस्त्यात सापडतात. आमच्या ब्रिजवरनं, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतनं, तुमची फायबरची बोट रडारवर नीट दिसतच नाही, अन् दिसली तरी एवढं मोठं धूड मैलभरात पण थांबत नाही. डोलकाठीवर रडार रिफ्लेक्टर (बोट रडारवर ठळक दिसायसाठी) लावलाय का अन् एआयएस (आपली जागा बाकी जहाजांना कळवणारं यंत्र) चालू हाय का हे दोस्ताला विचारा, व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर कान ठेवा. कोस्ट गार्डचा मदतीचा नंबर १५५४ चौघांच्याबी मोबाईलमध्ये पाहिजे. आधार कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवा, २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर विचारपूस होते अन् ती झालीच पाहिजे.

उलटीची गोळी आदल्या रात्री घ्यायची, डॉक्टरला विचारून. सुरू झाल्यावर घेतली तर तीबी बाहेर येते. खाली केबिनमध्ये जाऊ नका, मोबाईल बघू नका, नजर लांब क्षितिजावर. मला सांगा, घाटात एसटी चालवणाऱ्या ड्रायव्हरला कधी उलटी झालेली बघितली का? सुकाणू मागून घ्या.

लातूरकर (धागाकर्ता):
लई आभार सगळ्यांचे. खारे वारे अन् मतलई वारे आम्ही शाळेत लिंबाखाली बसून पाठ केले होते, दोन मार्काला यायचं, ते खरंच असतात अन् त्यावर बोट चालते हे आज कळलं. दोस्ताला तुमचं सगळं पाठवलं, तो थोडा फुगलाय पण त्याचा साडू थांबत जायला तयार हाय, कारण त्याचीबी बायको हाय.

एक घोळ झालाय. लाइफ जॅकेट मी ऑनलाइन मागवलं, ६०० रुपयाला, केशरी. चालंल का?

परभणीचा जहाजी:
ते वॉटर पार्कमधी घाला. १५० न्यूटनचं (हे तरंगवायच्या ताकदीचं माप) घ्या, माणूस बेशुद्ध पडला तरी तोंड वर ठेवतं. अन् कमरेला पट्टा, बोटीला अडकवायचा, रात्री किंवा एकटं डेकवर असाल तेव्हा सोडायचा नाही.

खाडीकाठचा:
पाण्याचं राहिलं. प्यायला अन् स्वैपाकाला माणशी चार लिटर धरा, चौघांचे दिवसाला सोळा, पाच दिवसांचे ऐंशी, वर दोन दिवसांचं जास्तीचं धरा. म्हणजे ११२. टाकीत मावतं, पण एका टाकीवर विसंबू नका, जुनी टाकी गळते किंवा खारं पाणी मिसळतं. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने विसळायची. बहुतेक लोक पहिल्याच दिवशी तोंड धुवायला अर्धी बादली घालवतात.

लातूरकर (धागाकर्ता):
भाऊ, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ना, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, तेव्हा मी तिथंच राहत होतो. आमच्या गल्लीत टँकर आठवड्याला एकदा. तांब्याभर पाण्यात आंघोळ, तेच पाणी पायाखालच्या घमेल्यात धरून संडासला. वाटीत भांडं विसळायचं मला शिकवू नका, तिघं मुंबईवाले हायत त्यांना शिकवावं लागंल. पाण्याचं खातं माझ्याकडं द्या म्हणून दोस्ताला कळवलंय, टाकीच्या नळाला हात लावायचा नाही.

खायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी अन् धपाटे नेतो, तेवढंच शिजवायचं पाणी वाचतं.

आईला काल सांगितलं. बोटीला नांगर असतो म्हणल्यावर ती म्हणली, मग शेतीच कर की घरी.

खाडीकाठचा:
काकूंना नमस्कार सांगा! त्या नांगराचा एक प्रकार फाळासारखाच असतो, वाळूत तसाच रुततो. दोर मात्र भरतीच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा. कमी सोडला की तो रुतत नाही, नुसता फरफटत येतो.

लातूरकर (धागाकर्ता):
फाळ कमी दाबला तर आमच्याकडंबी तसंच होतं. शेवटचं विचारतो, टाकीशिवाय २० लिटरचे तीन जार घ्यायलोय, ते पुढं ठेवायचे का मागं?

परभणीचा जहाजी:
पुढं नाही अन् मागं नाही. डोलकाठीच्या बुडाशी, सगळ्यात खाली, अन् दोरीनं आवळून. साठ किलो सुटलं तर रात्रभर केबिनमध्ये गडगडत फिरंल अन् झाकण पहिल्या लाटंलाच जाईल. झाकणाखाली पॉलिथिन लावा.

लातूरकर (धागाकर्ता):
पॉलिथिन दुहेरी लावतो.